तिजोरी एकाच चढाईपटूवर रिकामी करणाऱ्यांस उत्तर

खेळाडूंच्या लिलावाची भाषा आता नाशकात कोणास परकी राहिलेली नाही. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू होऊन ईगल नाशिक टायटन्स हा शहराच्या नावाचा संघ मैदानात आला; तालुक्यांच्या गावी होणाऱ्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांतही संघमालक खेळाडूंवर बोली लावू लागले; आणि ज्यांचे स्वतः मैदानात उतरण्याचे वय मागे पडले, अशा मंडळींनी प्रो कबड्डीच्या हंगामापूर्वी एकत्र बसून, कागदावरच्या शंभर रुपयांच्या तिजोरीतून आपापला काल्पनिक संघ विकत घ्यावा आणि पुढे हंगामभर त्या खेळाडूंचे गुण आपल्या खात्यावर जमा धरावेत, असा परिपाठ पडला. या मंडळींत एक मत हळूहळू सिद्धांताच्या पदवीस चढले असून, नवख्या माणसास ते आज इतक्या निःशंकपणे सांगितले जाते, की त्याचा साधार प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते. ते मत असे: लिलावात सर्वांत मोठ्या चढाईपटूवर तिजोरीचा निम्मा भाग बेलाशक खर्च करावा, उरलेल्या निम्म्यात मिळतील ते गडी भरावेत, आणि बाकीचे दैवावर सोपवावे.

प्रतिपक्षाची बाजू प्रथम यथायोग्य मांडली पाहिजे, कारण तिच्यात तथ्यांश मुळीच नाही असे मी म्हणत नाही. तिचे आधार तीन आहेत. एक, कबड्डीत गुणांची खाण चढाईत आहे. अव्वल चढाईपटू हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळवतो, तर उत्तमातला उत्तम पकडपटू शंभराच्या आसपास थांबतो. दुसरा, बहुतेक काल्पनिक स्पर्धांत कर्णधाराचे गुण दुप्पट धरले जातात, म्हणून दुपटीसाठी योग्य असा एक महावीर जवळ असणे अपरिहार्य आहे. तिसरा, दुखापत आणि लय यांचा भरवसा कोणासच देता येत नसल्याने सूक्ष्म नियोजन हा व्यर्थ खटाटोप आहे. एवढे आणखी नमूद करतो, की मी बोलत आहे ते पैजेविना खेळल्या जाणाऱ्या खेळाविषयी. पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांस संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, आणि ज्याच्या जाळ्यात कित्येक घरांची पुंजी अडकत होती तो व्यवहार बंद झाला, याचे मला समाधानच आहे. पैसा बाजूस सरला म्हणजे या खेळात निर्णयबुद्धी तेवढी शिल्लक राहते, आणि म्हणूनच तिची चर्चा गांभीर्याने करण्यास हरकत नाही.

पहिल्या आधारातील दोष मूलभूत आहे. चढाईपटू किती गुण मिळवतो, हा आकडा लिलावात निरुपयोगी आहे; त्याच्या जागी मला पायाभूत किमतीत जो मिळू शकला असता त्याच्याहून तो किती अधिक मिळवतो, ही तफावत तेवढी मोलाची. समजा, दहा जणांच्या मंडळात प्रत्येकास तीन चढाईपटू घ्यावयाचे आहेत, सर्वश्रेष्ठ चढाईपटूकडून २३० गुणांची, दुसऱ्या पंक्तीतील चांगल्या गड्याकडून १८० गुणांची, आणि एका रुपयात मिळणाऱ्या शेवटच्या गड्याकडून ७० गुणांची अपेक्षा आहे. श्रेष्ठ गडी ४९ रुपयांस गेला आणि त्याच्या जोडीस एक रुपयाचा गडी घेतला, तर ५० रुपयांत ३०० गुण पदरी पडतात. दुसऱ्या पंक्तीतील दोन गडी प्रत्येकी २५ रुपयांस घेतले, तर त्याच ५० रुपयांत ३६० गुण होतात. साठ गुणांची ही तूट ज्या माणसाने आपणहून पत्करली, त्याच्या मुखी मात्र आपण सर्वांत मोठा खेळाडू मिळवला ही विजयवार्ता असते.

यावर कर्णधाराच्या दुपटीचा आधार पुढे केला जातो, तेव्हा तोही हिशेबात घालून पाहू. श्रेष्ठ गड्यास कर्णधार केल्यास पहिल्या जोडीचे ५३० गुण होतात. दुसऱ्या जोडीतील एकास कर्णधार केल्यास तिचे ५४० होतात. म्हणजे दुपटीच्या ज्या नियमावर या पक्षाची सारी भिस्त, त्या नियमानेही तूट कमी होते, नाहीशी होत नाही. मात्र याच हिशेबातून एक गोष्ट प्रामाणिकपणे निष्पन्न होते, आणि ती मी लपवू इच्छित नाही: श्रेष्ठ खेळाडू घेऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. वरील आकड्यांत दुपटीचा नियम नसेल तर तो ३५ रुपयांपर्यंत अवश्य घ्यावा, दुपटीचा नियम असेल तर ४६ पर्यंत घ्यावा. त्यापुढील प्रत्येक रुपया दुसऱ्या जागी अधिक फळ देणारा असल्याने तो तेथून काढून येथे घालणे हा अपव्यय होय. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले धरावेत. परंतु मर्यादा असते, ती लिलावापूर्वी काढता येते, आणि तिच्या पलीकडे जाण्यास कोणत्याही खेळाडूचे मोठेपण हे कारण पुरेसे नसते, एवढे तरी त्यातून निर्विवाद सिद्ध होते.

कागदावरचे गणित सोडून प्रत्यक्षाकडे यावे, तर प्रो कबड्डीचा स्वतःचा इतिहास या मताविरुद्ध साक्ष देतो. २०१८ साली हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख रुपये मोजले, आणि त्या हंगामात तो संघ आपल्या गटात तळास राहिला. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई यू मुंबास ३६ लाख ४० हजारांत मिळाला, आणि पदार्पणातच त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढील वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख दिले, त्याने याही हंगामात दोनशेची मजल ओलांडली, आणि तरी संघ गुणतक्त्याच्या तळाशीच घुटमळत राहिला. खेळाडूने आपले काम चोख बजावले. चूक होती ती त्याच कामाची चौपट किंमत देऊन उर्वरित सहा जागांसाठी हात आखडणाऱ्या हिशेबाची. या मालिकेचा कळस २०२३ साली झाला. प्रत्येक संघास पाच कोटींची मर्यादा असताना तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये, म्हणजे तिजोरीच्या निम्म्याहून अधिक रक्कम लावली. पवनने त्या हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळवून आपली कीर्ती सार्थ केली. संघाने मात्र २२ सामन्यांत अवघे दोन जिंकले आणि तो शेवटच्या क्रमांकावर राहिला.

याचे कारण कबड्डीच्या घटनेतच आहे. या खेळात बाद झालेला गडी बाहेर बसतो, आणि त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी टिपल्याखेरीज तो जिवंत होत नाही. तीस सेकंदांच्या चढाईत मोठ्यातला मोठा चढाईपटूही केव्हा ना केव्हा पकडला जातोच. तेव्हा त्यास परत आणण्याचे काम कोपरारक्षकांचे आणि मध्यरक्षकांचे, आणि ते दुबळे असतील तर तुमचे अडीच कोटी रुपये रेषेबाहेरच्या बाकावर बसून लोण चढताना पाहत राहतात. काल्पनिक संघात बेरीज सुटी सुटी होते हे खरे. परंतु त्या बेरजेत येणारे गुण खऱ्या मॅटवर निर्माण होतात, आणि ज्याच्यामागे पकड नाही अशा संघातील चढाईपटूस मॅटवर उभे राहण्याचा वेळच कमी मिळतो. म्हणून चढाईपटूची किंमत ठरवताना त्याच्या संघाची बचावफळी पाहिली नाही, तर ती किंमत अर्धवट माहितीवर काढलेली असते.

येथे प्रतिपक्षाकडे एक समर्थ उदाहरण आहे, आणि त्यास बगल देऊन पुढे जाणे मला शोभणार नाही. त्याच २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईवर २ कोटी ३५ लाख खर्च केले. हेही पाच कोटींच्या जवळजवळ निम्मेच. आणि तो संघ गुणतक्त्यात अव्वल राहून १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे नमवून विजेता झाला. मग निम्मी तिजोरी एकावर लावण्याचे धोरण खोटे कसे? उत्तर पलटणच्या उर्वरित संघात आहे. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते हे तरुण गडी त्या संघाने आधीच्या हंगामांतून घडवून आपल्याकडे राखले होते, आणि आदल्याच हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला होता. चढाईची बाजू अल्प खर्चात भरून निघालेली असल्यामुळे हातातील रक्कम खरोखरच शिलकी होती, आणि ती शिल्लक त्यांनी आणखी एका नामवंत चढाईपटूवर न उधळता डाव्या कोपऱ्यावर लावली, जेथे शादलूई आणि त्याच्यानंतरचा गडी यांच्यातील अंतर मोठे होते. पकडीचे ९९ गुण घेऊन तो त्या हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. एकाच लिलावात दोन संघांनी जवळजवळ सारखी रक्कम एकेका माणसावर लावली, आणि एक पहिला तर दुसरा शेवटचा आला, यावरून खर्चाचा आकडा हा मुळी धोरणच नव्हे, हे स्पष्ट होते. धोरण असते ते खर्चाआधी भरलेल्या जागांत आणि खर्चाने बुजवलेल्या खिंडारात.

आता लिलाव या प्रकाराच्या स्वभावाकडे पाहू. १९७१ साली अटलांटिक रिचफील्ड या तेल कंपनीतील केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघा अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या बोलींविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा इत्यर्थ असा, की ज्या वस्तूचे खरे मूल्य कोणासच निश्चित ठाऊक नाही तिच्या लिलावात, ज्याचा अंदाज सर्वाधिक फुगलेला असतो त्याच्याच पदरी ती वस्तू पडते, आणि म्हणून जिंकणारा बहुधा फाजील किंमत देऊन बसतो. खेळाडूच्या पुढील हंगामाचे गुण ही अशीच अज्ञात वस्तू. आपल्या जिल्ह्यास हा धडा तेलाच्या विहिरींकडून घेण्याची गरज नाही. लासलगावच्या अथवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव ज्याने पाहिला असेल, त्यास ठाऊक आहे, की जाणता व्यापारी वाहनामागून वाहन पाहत जातो, मूठभर माल हातात घेऊन आकार, रंग आणि सुकवण यांची खातरजमा करतो, आवारात अजून किती वाहने उभी आहेत आणि आपल्या खळ्यावर आज किती माल मावेल याची नोंद मनात ठेवतो, आणि पहिल्याच ट्रॉलीतला माल कितीही तजेलदार दिसला तरी दिवसाची अर्धी रक्कम तिच्यावर टाकत नाही. जिल्ह्याच्या हाडीमाशी मुरलेले हे शहाणपण घरच्या बैठकीत खेळाडूंची नावे पुकारली जाताच आपण का विसरावे?

ज्या देशात हा काल्पनिक संघांचा खेळ जन्मास आला, तेथील अनुभवही विचारात घेण्यासारखा आहे. १९६२ साली अमेरिकेतील ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक यांनी सहकाऱ्यांसह अशा स्पर्धेची कल्पना आखली, आणि पुढील वर्षी तिची पहिली खेळाडूनिवड झाली. १९८० साली डॅनियल ऑक्रेंट यांनी न्यू यॉर्कमध्ये बेसबॉलसाठी लिलावाची पद्धत रूढ केली, जीत पुढे २६० डॉलरांत २३ खेळाडू घेण्याचा संकेत स्थिरावला. अमेरिकन फुटबॉलमधल्या काल्पनिक स्पर्धांत लिलावाऐवजी बहुधा नागमोडी क्रमाने निवड होते. पहिल्या फेरीत शेवटी असलेला दुसऱ्या फेरीत प्रथम निवडतो. तेथे वर्षानुवर्षे एक सूत्र वेदवाक्य मानले गेले, की पहिल्या फेऱ्यांत रनिंग बॅक हे धावपटूच घ्यावेत. १९९० च्या दशकात जो ब्रायंट यांनी मूल्याधिष्ठित निवडीचा विचार मांडला, आणि खेळाडूचे मूल्य त्याच्या एकूण गुणांत नसून त्याच जागेवरच्या तळाच्या खेळाडूहून असलेल्या अंतरात आहे, हे तत्त्व तेथे रूढ झाले. पुढे २०१३ साली शॉन सीगल यांनी आरंभीच्या फेऱ्यांत धावपटू टाळण्याचे उलट धोरण प्रतिपादिले. माझ्या मते या दोन्ही सूत्रांचे बळ एकाच गोष्टीत होते: मेजावरचे इतर लोक ज्या जागेवर तुटून पडतात तेथे किंमत चढते, आणि ज्या जागेकडे दुर्लक्ष करतात तेथे मूल्य पडून राहते. प्रत्यक्ष व्यावसायिक संघही यास अपवाद नाहीत. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूनिवडीचा अभ्यास करून दाखवून दिले, की संघ पहिल्या काही निवडींस त्यांच्या खऱ्या मूल्याहून पुष्कळ अधिक किंमत देतात. म्हणून आमच्या मंडळातील दहापैकी नऊ जण जेव्हा चढाईपटूवरच निम्मी तिजोरी लावण्याचा सिद्धांत घेऊन येतात, तेव्हा दहाव्याने तो सिद्धांत टाकून देण्यास यापरते सबळ कारण नाही.

मात्र या प्रतिवादाचा आधार घेऊन जे दुसऱ्या टोकास जातात, त्यांचेही समर्थन मी करणार नाही. लिलावात सदैव हात राखून, शेवटी स्वस्तात स्वस्त माल मिळवून, तिजोरीत वीस रुपये शिल्लक ठेवणारा माणूस काटकसरी दिसतो. परंतु या खेळात शिल्लक रकमेस पुढील हंगामात काही किंमत नाही, ती हंगामासोबत बुडीत खाती जमा होते. मध्यंतरी, मोठी नावे संपल्यावर, बैठकीस जी शिथिलता येते, त्या वेळी दुसऱ्या पंक्तीतील गड्यांवर हीच रक्कम निर्धाराने लावली असती, तर संघाच्या तीन जागा सुधारल्या असत्या. उधळ्या आणि कृपण हे दोघेही एकाच उणिवेचे धनी आहेत: बैठकीस येण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे मर्यादा लिहून आणण्याची तसदी दोघांपैकी एकानेही घेतलेली नसते.

राहिला तिसरा आधार, दैवाचा. दुखापत कोणाच्या हाती नाही, हे कबूल; पण दैवाने आघात केला असता आपले किती नुकसान व्हावे, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. २०२२ साली तमिळ थलैवाजने याच पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख मोजले, आणि पहिल्याच सामन्यात तो जखमी होऊन संपूर्ण हंगामास मुकला. निम्म्याहून अधिक तिजोरी अशी एका क्षणात निष्फळ झाली असताही तो संघ उपान्त्य फेरीपर्यंत गेला, आणि तेथे पुणेरी पलटणकडून अवघ्या दोन गुणांनी हरला. त्यास तारले कोणी? लिलावात ज्याच्या नावाचा गाजावाजा नव्हता अशा नरेंदर या नवोदित चढाईपटूने, ज्याने त्या हंगामात २४३ गुण मिळवले, आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या पकडपटूंनी. सर्व दैवाधीन आहे म्हणून नियोजन करू नये, हे म्हणणे म्हणजे पाऊस अनिश्चित आहे म्हणून धरणात पाणी अडवू नये असे म्हणण्यासारखे होय. अनिश्चितता जितकी अधिक, तितकी भार विभागून ठेवण्याची निकड अधिक.

आणखी एक आक्षेप भावनेचा आहे, आणि त्याविषयी मला आदर वाटतो. आकाश शिंदे आपल्या नाशिकचा, मग त्याच्यासाठी दोन रुपये अधिक गेले तर काय बिघडले, असे म्हणणारे स्नेही मला भेटतात. काही बिघडत नाही. आपल्या मातीतील मुलाचे नाव आपल्या संघाच्या यादीत असण्याचा आनंद दोन रुपयांहून मोठा असू शकतो. फक्त ते दोन रुपये गुणांसाठी दिले नसून आनंदासाठी दिले, याची स्पष्ट नोंद मनाशी असावी. नाहीतर प्रत्येक आवडत्या नावापायी अशीच सवलत देत देत माणूस हंगामाच्या अखेरीस तळाशी पोहोचतो आणि दोष मात्र दैवास देतो.

हिशेबाने खेळातील रस आटतो, हा शेवटचा आरोप मला मुळीच मान्य नाही. अंतराची किंमत काढावयाची तर पहिल्या दोन नावांखाली असलेली तीस नावे माहीत असावी लागतात. कोणता कोपरारक्षक घोटा धरतो आणि कोणता साखळीवाचून पुढे येतो, कोणता चढाईपटू तिसऱ्या निर्वाणीच्या चढाईत डगमगतो आणि कोण बोनसवरच समाधान मानतो, हे सामना डोळ्यांत तेल घालून पाहिल्याविना कळत नाही. निम्मी तिजोरी एका नावावर टाकणाऱ्यास यातील काहीच पाहण्याची गरज उरत नाही. त्याचा हंगाम एका माणसाच्या चढाईबरोबर सुरू होतो आणि त्याच्या पकडीबरोबर संपतो. या मताविषयी माझी खरी तक्रार हीच आहे. त्याने माणूस स्पर्धा हरतो, हे तर आकड्यांनी आणि इतिहासाने वर दाखवलेच. पण त्याहून मोठी हानी ही, की सात जणांच्या खेळात सहा जणांकडे न पाहण्याची सवय त्याने लागते, आणि ज्या गड्यांच्या पकडीवर विजेते संघ उभे राहिले त्यांची नावेही प्रेक्षकास सांगता येत नाहीत. तेव्हा पुढील हंगामाच्या लिलावास बसण्यापूर्वी प्रत्येकाने चढाईपटूंइतकेच लक्ष देऊन कोपरारक्षकांची आणि मध्यरक्षकांची यादी करावी, प्रत्येक नावापुढे आपली मर्यादा स्वतःच्या हाताने लिहावी, आणि बोली त्या मर्यादेपलीकडे गेली की नाव कितीही मोठे असो, ते निश्चिंत मनाने दुसऱ्यास जाऊ द्यावे.